मुलांनी मुलांना सुचवलेली पुस्तकं: आमचा फलक कुणी वाचत नाही, काय करू?

शुक्रवारताई:

नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेत दर शुक्रवारी दोन तास वाचनालयात मदतीला जाते. पहिली ते चौथीची मुलं असतात. पुस्तकं चारेकशे आहेत, पण फिरतात ती तीच ती वीस-पंचवीस. बाकीची कपाटात कोरी करकरीत. मनात आलं, आपण मोठ्यांनी सांगून बघितलं, आता मुलांनाच एकमेकांना सांगू दे. म्हणून दाराजवळ फलक लावला आणि मुलांना छापील कागद वाटले. त्यात रकाने होते: पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, गोष्ट थोडक्यात, मिळालेला बोध.

तीन आठवड्यांत एकतीस कागद आले. सगळे एका साच्यातले. 'हे पुस्तक खूप छान आहे. सर्वांनी जरूर वाचावे.' एका चित्रपुस्तकात एक मांजर रात्री घरभर हिंडते आणि सकाळी झोपते, एवढंच आहे. त्यावर दुसरीतल्या मुलानं लिहिलंय, 'बोध: प्राण्यांवर दया करावी.' बिचाऱ्यानं रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून भरला. नोंदवही काढून बघितली, तर फलकावरचं एकही पुस्तक त्यानंतर कुणी नेलेलं नाही.

या वयाच्या मुलांना पुस्तकाबद्दल नेमकं विचारायचं काय? शुद्धलेखन सुधारून फलकावर लावायचं की जसंच्या तसं? आणि तुमच्या घरची, वर्गातली मुलं खरोखर कोणती पुस्तकं दुसऱ्याच्या हातात देतात, तेही सांगा.

अनुआजोबा:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं शिक्षक मंडळी सांगतील. आमची नात तिसरीत आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिनं शेजारच्या मुलाला वाचायला लावला. शिफारस काय केली, तर नुसतं 'ट्टॉक!' म्हणाली. तो म्हणाला, 'म्हणजे काय?' ही म्हणाली, 'पुस्तकात आहे.' झालं, तो घेऊन गेला. आता दोघंही दिवसभर ट्टॉक ट्टॉक करत असतात. मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचतोय, मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

चौथी_ब:

शुक्रवारताई, सगळ्यात आधी तो बोधाचा रकाना काढून टाका. आजच. 'गोष्ट थोडक्यात'ही काढा.

मी अठरा वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आणि पहिली पाच-सहा वर्षं अगदी तुमच्यासारखाच कागद वाटत होते. तो मुलांना परीक्षेतल्या प्रश्नासारखा दिसतो, म्हणून ती उत्तर लिहितात. 'सर्वांनी जरूर वाचावे' हे बाईंना उद्देशून लिहिलेलं असतं. त्यात समोरचं मूल कुठेच नसतं.

माझे डोळे उघडले ते एकदा मधल्या सुट्टीत. दोघी जणी कपाटापाशी उभ्या होत्या आणि मी मागच्या बाकावर वह्या तपासत होते. एकीनं विचारलं, 'यात कुणी मरतं का?' दुसरी म्हणाली, 'कुत्रा. पण खूप नंतर, आणि ते दाखवत नाहीत, आपल्याला कळतं.' पहिलीनं जरा विचार केला. मग म्हणाली, 'मग चालेल,' आणि पुस्तक दप्तरात टाकलं.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले. मुलं एकमेकांना पुस्तकाबद्दल खरोखर काय विचारतात? अक्षर केवढं आहे. चित्रं मध्ये मध्ये आहेत की फक्त वर. मोठ्यानं हसू येतं का, की नुसतंच मनात. भीती वाचतानाच वाटते की रात्रीसुद्धा. खरं घडलंय का. धडे छोटे आहेत का, कारण झोपायच्या आधी एक पुरा व्हायला हवा. आणि सगळ्यात जास्त वेळा, 'याचा दुसरा भाग आहे का?' यातला एकही प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. लेखकाचं नाव मात्र होतं, जे या वयात कुणीच कुणाला विचारत नाही.

आता आमच्याकडे तळहाताएवढी चिठ्ठी असते. तिची सुरुवात एकच, 'हे पुस्तक कुणासाठी?' पण उत्तरात 'सर्वांसाठी' लिहायचं नाही, एवढा एक नियम. डोळ्यांसमोर एक मूल आणायचं. त्याचं नाव लिहायचं नाही, तो कसा आहे ते लिहायचं. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या माझ्यापाशी डब्यात आहेत, त्यातल्या काही उतरवून देते:

'ज्याला मोठी ताई खेळायला घेत नाही त्याच्यासाठी.'

'ज्याला वाचायला वेळ लागतो पण ते कुणाला सांगायचं नाहीये त्याच्यासाठी. धडे दोन दोन पानांचे आहेत.'

'जिला वाटतं भुतं असतात आणि जिला वाटतं नसतात, दोघींसाठी.'

चिठ्ठीच्या खाली 'आधीच सांगून ठेवतो' अशी आणखी एक ओळ असते. ती मी सुचवलेली नाही, एका मुलानं स्वतःहून लिहिली आणि मग सगळेच लिहायला लागले. 'पहिली वीस पानं नुसती घराची वर्णनं आहेत, ती सोडलीस तरी चालतील.' 'पान ४१ वर लहान भाऊ हरवतो. घाबरू नकोस, सापडतो.' शेवट सांगून टाकला तर पुढचा कशाला वाचेल, असं आपल्याला वाटतं. या वयात उलटं होताना मी बघितलंय. भाऊ सापडतो हे माहीत असलं की मूल धीर करून पान ४१ ओलांडतं. ज्यांना माहीत नव्हतं अशी दोन मुलं त्याच पानावर पुस्तक मिटून परत देऊन गेली होती.

तोत्तोचानचं उदाहरण देते, कारण त्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चिठ्ठ्या आहेत. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं आणि मराठीतही आहे. मोठी माणसं त्याबद्दल बोलतात तेव्हा रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, ते प्रेमळ मुख्याध्यापक, शिक्षणाची वेगळी वाट, असं बोलतात. मीही वर्गात तसंच सांगितलं होतं. पुस्तक दोन महिने हललं नाही. मग एका मुलीनं ते नेलं आणि परत देताना चिठ्ठी लिहिली: 'हिचं पाकीट संडासात पडतं. ती संडासाची टाकी उपसते. बाहेर घाणीचा ढीग लागतो. मुख्याध्यापक रागावत नाहीत, फक्त विचारतात, झालं की परत आत टाकशील ना?'

त्या आठवड्यात पुस्तकासाठी सात नावांची रांग लागली.

पुढची चिठ्ठी आली ती मात्र वेगळीच. हा अबोल मुलगा. त्यानं लिहिलं: 'आधीच सांगतो. यासुआकी शेवटी जातो. पण त्याआधी तोत्तोचान त्याला झाडावर चढवते. ते नीट वाच, घाई करू नको.' यासुआकीला पोलिओ झालेला असतो. त्याला शिडीवरून ढकलत, ओढत झाडावर चढवायचा तो प्रसंग ज्यांनी वाचलाय त्यांना कळेल की 'घाई करू नको' म्हणजे काय. मी ते पुस्तक चार वेळा वाचलं होतं. पाचव्यांदा वाचताना त्या मुलाचं ऐकून सावकाश वाचलं.

मुलाच्या शिफारशीवर पुस्तक उभं राहिल्याची जुनी उदाहरणंही आहेत. टोल्किनच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी १९३६ साली आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं. त्यानं एक छोटा अहवाल लिहिला आणि १९३७ साली पुस्तक छापलं गेलं. मला त्यातला एक तपशील फार आवडतो. रेनरनं लिहिलं की हे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! आमच्या चौथीतल्या मुलांचंही हेच असतं. 'हे तिसरीसाठी आहे' असं म्हणतात आणि स्वतः खाली बसून पुन्हा वाचत असतात. म्हणून चिठ्ठीवर इयत्ता लिहायला सांगू नका. वय लिहिलं की वरच्या वर्गातल्या मुलाला ते पुस्तक उघड उघड हातात धरता येत नाही.

शुद्धलेखनाबद्दल मनापासून सांगते. सुधारू नका. एक मुलगा होता, जोडाक्षरं फार चुकायची त्याची. त्यानं समुद्रातल्या प्राण्यांच्या पुस्तकावर चिठ्ठी लिहिली, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं, हे त्यात होतं. माहिती अगदी बरोबर. मी ती माझ्या अक्षरात सुबक लिहून फलकावर लावली, वाटलं त्याला आनंद होईल. त्यानं फलक बघितला आणि म्हणाला, 'ही माझी नाही.' त्या वर्षी त्यानं पुन्हा चिठ्ठी लिहिली नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. शुद्धलेखनाला वही आहे, तास आहे. चिठ्ठी त्याची त्याच्याच अक्षरात राहू द्या. वाचणारी मुलं आधी अक्षरच बघतात आणि 'ही अमक्याची' म्हणून ओळखतात. सांगणारा कोण आहे, यावर निम्मं ठरतं.

आणखी एक, चिठ्ठी फलकावर नको, पुस्तकातच ठेवा, वरून अर्धा इंच दिसेल अशी. फलकापाशी मूल थांबत नाही, कपाटापाशी थांबतं.

रात्रवाचक:

चौथी_ब, प्रतिसाद आवडला, पण एक शंका आहे आणि ती खरी काळजी म्हणून मांडतोय. मुलांवर सोडलं तर ती सारखी एकाच जातीची पुस्तकं पुढे सरकवतात. माझा मुलगा आणि त्याचे मित्र गेलं वर्षभर 'डायरी ऑफ अ विम्पी किड'च्या पलीकडे गेलेले नाहीत. रेघांच्या वहीत लिहिल्यासारखं अक्षर, मध्ये मध्ये रेखाचित्रं. वाईट नाही, मीही हसलो वाचताना. पण एकेकाचे दहा दहा भाग झाले. भाषा समृद्ध असलेलं, जरा कस लागणारं पुस्तक मूल मुलाला कधी सुचवणार? तिथे मोठ्यांनी काही करायचंच नाही का?

चौथी_ब:

करायचं तर! कपाटात काय ठेवायचं हे आपल्याच हातात आहे की. मुलं जे कपाटात आहे त्यातूनच सुचवणार. ती जबाबदारी मोठ्यांची आणि ती फार मोठी आहे.

दहा भागांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. एकाच मालिकेचे दहा भाग वाचणारं मूल आयुष्यात पहिल्यांदा अडखळायचं थांबलेलं असतं. माणसं ओळखीची, घर ओळखीचं, विनोदाची जात ओळखीची, त्यामुळे सगळी ताकद अक्षरांवर लावता येते. तिसऱ्या-चौथ्या भागाला वेग वाढलेला मी कानांनी ऐकलाय. फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनियल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पानं गाळायचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क, पुन्हा वाचायचा हक्क, काहीही वाचायचा हक्क. आपण मोठे हे चारही रोज बजावतो आणि मुलांना तेवढे नाकारतो.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एका बाबतीत. मतदान घेतलं की तसंच होतं. मुलांच्या मतांवर दिले जाणारे पुरस्कार जुने आहेत, अमेरिकेच्या वायव्य भागातला एक तर १९४० पासून चालू आहे, आणि मुलांना आपलं मत मोजलं जातंय हे कळणं चांगलंच. पण तिथेही यादी मोठी माणसं तयार करतात. वर्गात खुलं मतदान घेतलं तर सगळ्यांनी वाचलेलं पुस्तकच जिंकणार, एकानंच वाचलेलं कधीच नाही. आमच्याकडे दोन वर्षं घेतलं, दोन्ही वर्षं तेच पुस्तक पहिलं आलं. म्हणून बंद केलं. चिठ्ठीला बहुमत लागत नाही. तिला एकच वाचक पुरतो. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आहेत, १९३१ सालचे. त्यात 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असा एक आहे. मी तो कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवलाय, स्वतःसाठी.

आणि कस लागणारं पुस्तक मूल मुलाला सुचवतं, ते असं. चौथीत एक मुलगा होता, वाचनाच्या तासाला सारखा पाणी प्यायला जाणारा. पाच बोटांची युक्ती तुम्हाला माहीत असेल. पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ झाली की पुस्तक अवघड. त्याची मूठ तिसऱ्या ओळीला व्हायची. त्याच्या बाकावरची मुलगी आकाशातल्या ग्रहताऱ्यांवरचं एक जाड पुस्तक वाचत होती. तिनं ते त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, 'हे सगळं वाचायचं नाही. शनीच्या कड्यांचं पान वाच, मग मला सांग ती कशाची आहेत.' बस्स. तो ते एक पान दोन दिवस वाचत होता. बोट ठेवून, ओठ हलवत. बोटं मिटायला तो साफ विसरला होता. तिसऱ्या दिवशी तिला येऊन म्हणाला, 'बर्फ आणि दगड.' ती म्हणाली, 'हो. आता गुरूचं वाच, तिथे एक वादळ आहे, ते थांबतच नाही.'

ते पुस्तक मी त्याच्या हातात कधीच दिलं नसतं. त्याची मूठ मला माहीत होती ना. तिला फक्त एवढंच माहीत होतं की त्याला वादळं आवडतात.

तुमच्या मुलाला विचारून बघा, या दहा भागांतला कुठला भाग तो कुणाला देणार नाही, आणि का. मुलं त्यावर फार छान बोलतात.

रात्रवाचक:

विचारलं. पंधरा मिनिटं बोलत होता. एका भागात तेच तेच विनोद परत आलेत, असं त्याचं म्हणणं, आणि त्यानं पानं काढून दाखवली. मला वाटत होतं तो नुसता गिळतोय, तो तर मोजून मापून वाचत होता. आभार.

मिनूचीआई:

एक प्रश्न. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचं काय? माझी मुलगी पहिलीत आहे, चित्रं बघूनच पुस्तक ठरवते.

चौथी_ब:

तिला बोलू द्या, तुम्ही लिहून घ्या, तिच्याच शब्दांत, वाक्य नीट न करता. किंवा चिठ्ठीवर तिला आवडलेल्या पानातलं एकच काहीतरी काढू द्या. आमच्या पहिलीतल्या एका मुलानं फक्त एक मोठं कान असलेलं गोलमटोल काहीतरी काढलं होतं. ते काय आहे हे बघायला निम्म्या वर्गानं पुस्तक उघडलं.

शुक्रवारताई:

मीच धागा वर आणतेय, सहा आठवड्यांनी. सगळ्यांचे आभार.

छापील कागद बंद केले. पहिल्या शुक्रवारी चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा मुलं गोंधळली. 'ताई, बोध कुठे लिहायचा?' असं चौघांनी विचारलं. मी म्हटलं, नाही लिहायचा. एक जण म्हणाला, 'मग मार्क कसे देणार?' मार्क नाहीत म्हटल्यावर दोघांनी चिठ्ठी परत दिली. तीही मी घेतली, आग्रह केला नाही.

आतापर्यंत अठरा चिठ्ठ्या झाल्यात. एकतीस कागदांपेक्षा कमीच. पण नोंदवहीत बघितलं तर कपाटात कोरी पडलेली अकरा पुस्तकं बाहेर पडलीयत, त्यातली तीन दोनदा. मला एक गोष्ट अपेक्षित नव्हती: मुलं चिठ्ठीखाली उत्तर लिहायला लागलीयत. एका पुस्तकात चिठ्ठी होती, 'खूप हसू येतं.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मला नाही आलं. पण नकाशा आवडला.' त्याखाली पेन्सिलनं तिसऱ्या कुणाचं, 'नकाशात नदी उलटी वाहते, बघ.' मी बघितलं. खरंच उलटी वाहते, डोंगराकडे. ते पुस्तक आम्ही किती वर्षं बाळगून आहोत आणि कुणा मोठ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

चौथी_ब, मांजरीच्या पुस्तकाचं तुम्हाला सांगायचंच होतं. तोच दुसरीतला मुलगा, दयेचा बोध लिहिणारा. त्याला म्हटलं, तुला हवी तर परत लिही, नाहीतर राहू दे. त्यानं कोपऱ्यात बसून पुष्कळ वेळ घेतला. काय लिहितोय हे बघायला मी जाणार होते, गेले नाही. संध्याकाळी कपाट लावताना चिठ्ठी सापडली. जशीच्या तशी उतरवते, जोडाक्षरासकट:

'जाला रात्री झोप येत नाही आणी घरात सगळे झोपले आहेत त्याचासाठी. मांजर पण जागी आहे.'